कोणी मोजले?

‘आनंदटेक’ हे संकेतस्थळ बंद झाल्याची बातमी मी बदलापूर लोकलमध्ये उभ्याने वाचली. दिवस ३१ ऑगस्ट २०२४चा. निवेदन आदल्या दिवशीचे होते. सत्तावीस वर्षांनंतर हे काम थांबत आहे, असे संपादक रायन स्मिथ यांनी निरोपाच्या लेखात लिहिले होते. गाडी विठ्ठलवाडीला थांबली, माणसे चढली, माझा हात कोणाच्या तरी पिशवीखाली अडकला, आणि लेखाचा उरलेला भाग वाचायला अंबरनाथ उजाडले.

या पानांवर सहसा कविता-कादंबऱ्यांविषयी लिहिले जाते. संगणकाच्या सुट्या भागांची परीक्षणे प्रसिद्ध करणाऱ्या एका अमेरिकी संकेतस्थळाचे येथे काय काम, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच की, परीक्षण म्हणजे काय हे मी पहिल्यांदा तेथे शिकलो. मराठी समीक्षेची पुस्तके माझ्या हाती त्यानंतर आली आणि ती वाचताना मला सतत पहिल्या गुरूची आठवण होत राहिली. कधी समीक्षेच्या बाजूने, बरेचदा तिच्या विरुद्ध.

मी १९९९ साली उल्हासनगरात, कॅम्प नंबर तीनमधल्या एका दुकानात कामाला लागलो. दुकान म्हणजे फाळणीनंतरच्या एका जुन्या बराकीचा कापून-जोडून तयार केलेला गाळा. पुढे काउंटर, मागे टेबल, टेबलावर उघडी कॅबिनेटे. लॅमिंग्टन रोडवरून माल आणायचा, जोडायचा, विंडोज टाकायचे आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवायचा. मालकांना आम्ही शेठ म्हणत असू. त्यांचे वडील सिंधमधून आले ते कल्याणच्या लष्करी छावणीत. ती छावणी म्हणजेच पुढचे उल्हासनगर. हे नाव १९४९ साली मिळाले. शेठना या इतिहासात रस नव्हता. वडिलांनी रेल्वेत गोळ्या-बिस्किटे विकली आणि आपण संगणक विकतो, एवढी प्रगती त्यांना पुरेशी वाटे.

त्या वेळी सायबर कॅफेत तासाला चाळीस रुपये पडत. आमच्या भागातल्या टेलिफोनच्या तारांवरून पान उघडायला लागणारा वेळ धरला तर त्या चाळीस रुपयांत चार-पाच लेख वाचून होत. म्हणून मी वाचत नसे. पान साठवून फ्लॉपीवर घेत असे आणि दुकान बंद झाल्यावर मागच्या टेबलावर वाचत असे. आनंदटेकचे लेख दहा-दहा, पंधरा-पंधरा पानांचे असत. पण छपाईसाठी सगळा लेख एकाच पानावर देण्याची सोय त्यात होती. ती मला सापडली तो दिवस अजून आठवतो. एक अडचण मात्र शेवटपर्यंत राहिली. आलेख ही चित्रे असत आणि माझ्या फ्लॉपीवर मजकूर तेवढा येई. जेथे आकडे असायला हवेत तेथे लाल फुलीचा रिकामा चौकोन. मी त्या चौकोनांच्या खालचा मजकूर वाचून वरचे आकडे काय असतील याचा अंदाज बांधत असे. निष्कर्षावरून पुराव्याकडे उलटे जाण्याची ही सवय पुढे साहित्याच्या परीक्षणांत फार उपयोगी पडली. तेथे चौकोनसुद्धा नसतात.

संकेतस्थळ काढणारा मुलगा माझ्यापेक्षा लहान होता. आनंद लाल शिंपी याने एप्रिल १९९७ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातील रॅले गावी, फुकट जागा देणाऱ्या जिओसिटीजवर आपले पान सुरू केले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शिंपी या आडनावावरून आम्ही त्याला परस्पर आपल्या मुलखात आणून बसवले होते. त्याला आधार काही नव्हता, गरजही नव्हती. आदल्याच वर्षी टॉमस पाब्स्ट या जर्मन डॉक्टरने ‘टॉम्स हार्डवेअर’ काढले होते. टेक्ससमध्ये काइल बेनेट ‘हार्डओसीपी’ चालवीत होता. स्कॉट वॉसनचे ‘टेक रिपोर्ट’ १९९९चे. आपल्याकडे मुंबईहून ‘डिजिट’ २००१ साली निघू लागले आणि त्यातली तुलनात्मक चाचण्यांची कोष्टके आम्ही कापून भिंतीला लावली. पण माझे मन आनंदटेकवर बसले, कारण तो मुलगा निकालाआधी रीत सांगे. प्रत्येक परीक्षणात एक कंटाळवाणे कोष्टक असे: कोणता प्रोसेसर, कोणते बोर्ड, किती मेमरी, कोणत्या आवृत्तीचे ड्रायव्हर. ते वाचून दुसऱ्या कोणालाही तीच चाचणी पुन्हा करून पाहता येई. माझे म्हणणे पटत नसेल तर हे घ्या सामान आणि स्वतः मोजा, हा त्याचा अर्थ. मराठीत ‘अभिप्रायार्थ’ आलेल्या पुस्तकावर लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी असे कोष्टक दिले असते? (पुस्तकाचे ड्रायव्हर कोणते, हा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही.)

उल्हासनगरची ‘मेड इन यूएसए’ची कोटी सर्वांना ठाऊक आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. बाहेरचे लोक ती हसत सांगतात, आमच्या गल्लीत ती कोणी सांगत नसे. लेबल ही एक वस्तू आणि तिच्याखालचा माल ही दुसरी, हे तेथे व्यापाराचे साधे व्याकरण होते. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बदलापूर-वांगणीच्या चाळींत, वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत पहिला संगणक गेला तो याच गल्लीतून. ब्रँडेड यंत्राची किंमत ऐकून जो माणूस परत फिरला असता त्याला आम्ही वीस हजारांत घरी यंत्र नेऊन दिले. त्या मुलांपैकी काही आज माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत.

या स्वस्ताईचा मोठा वाटा एसएमपीएसमध्ये असे. वीजपुरवठ्याचा हा पत्र्याचा डबा कॅबिनेटबरोबरच येई आणि गिऱ्हाईक त्याकडे कधी पाहत नसे. लेबलवर ४५० वॅट. डबा उचलला की हातालाच कळे की हे खोटे आहे, कारण चांगला एसएमपीएस जड असतो. आत कॉइल असतात, जाड हीटसिंक असतात, टपोरे कंडेन्सर असतात. आमच्याकडच्या डब्यात येणाऱ्या विजेतला कचरा गाळणाऱ्या भागांच्या जागा रिकाम्या असत आणि तेथे नुसत्या तारेचे तुकडे लावलेले असत. शिवाय त्याची रचना जुन्या काळची, म्हणजे जोर पाच व्होल्टच्या तारेवर. नव्या पेंटियम-सेलेरॉन बोर्डांना भूक बारा व्होल्टची. हे सगळे मला वाचून माहीत होते. एकदा मी शेठना म्हटलेही.

“अरे, गिऱ्हाईक नंबर बघतो,” ते म्हणाले. “नंबर मोठा पाहिजे. वॅट काय खायचे असतात?”

तोवर मला एक समाधान सापडले होते: मोठेही हेच करतात. इंटेलने ३१ जुलै २००० रोजी १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बाजारात आणला. एएमडीशी शर्यत चालू होती आणि आकडा मोठा हवा होता. पाब्स्टच्या टेबलावर ते यंत्र स्थिर चालेना. लिनक्सचे कर्नल कंपाइल करायला लावले की मध्येच कोसळे. त्याने बेनेट आणि शिंपी यांच्याकडेही खातरजमा केली. महिना पुरा व्हायच्या आत, २८ ऑगस्टला, इंटेलने तो प्रोसेसर परत मागवला. दुसऱ्या वर्षी एटीआयच्या ग्राफिक्स कार्डाची गोष्ट निघाली. ‘क्वेक ३’ या खेळाचे नाव ओळखून त्याचे ड्रायव्हर चित्राचा दर्जा गुपचूप उतरवीत आणि वेग चढवून दाखवीत. हार्डओसीपीने फाइलमधले क्वेक बदलून क्वॅक केले आणि वेग खाली आला. आम्ही दुकानात पोट धरून हसलो. हे तर शुद्ध कॅम्प नंबर तीन! पण हसू ओसरल्यावर एक फरक उरत होता आणि तो मला दिसत होता. तिकडे कोणी तरी नाव बदलून पाहणारा होता. आमच्या गल्लीत तो मी असायला हवा होतो.

२००५ सालच्या जानेवारीत अंबरनाथहून एक काका आले. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी तपासणी विभागात. त्यांना मराठीत टंकलेखन करायचे होते. आयटीआयच्या मुलांसाठी मोजमापाच्या साधनांवर ते पुस्तक लिहीत होते: व्हर्निअर, मायक्रोमीटर, स्लिप गेज, डायल. मुलांना इंग्रजी पुस्तक झेपत नाही आणि मराठीत धड काही नाही, असे त्यांचे म्हणणे. मी यंत्र जोडत असताना ते स्टूल ओढून शेजारी बसले. त्यांनी डबा हातात घेतला, लेबल वाचले आणि विचारले,

“हे चारशे पन्नास वॅट कोणी मोजले?”

“काका, कंपनीनेच लिहिलंय.”

“लिहिलंय ते मीही वाचलं. मोजलं कोणी, ते विचारतोय.”

शेठ काउंटरवरून पाहत होते. मी म्हटले, “चालतात हे, काका. सगळीकडे हेच लावतो आम्ही.” दोन्ही वाक्ये खरी होती. चारशेचा डबा काढून दीड हजारांचा बसवता येतो, हे मी बोललो नाही. काकांनी डबा परत दिला. त्यांच्या व्यवसायात माणूस हुद्द्याने बोलला की विश्वास ठेवण्याची पद्धत असावी, आणि त्या टेबलापुरता हुद्दा माझा होता.

यंत्र पोहोचवायला गेलो तेव्हा त्यांनी मला त्यांची वही दाखवली. ‘गो–नो गो’ गेजवरचे पान मला आजही दिसते. गेजचे एक टोक भोकात गेलेच पाहिजे आणि दुसरे जाताच कामा नये. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर नग पास. माप किती ते कळत नाही, कळण्याची जरूर नाही. मग ते तापमानाविषयी बोलले. लांबीचे प्रमाण माप वीस अंश सेल्सिअसचे धरतात, कारण धातू उन्हाने वाढतो. “अंबरनाथच्या मे महिन्यात वीस अंश कुठून आणायचे? म्हणून आमची खोली थंड ठेवलेली. नग आणला की आधी तासन् तास तिथे नुसता ठेवायचा. पोरांना वाटायचं, साहेब कामचुकार.” मला आनंदटेकचे कंटाळवाणे कोष्टक आठवले. मी त्यांना त्या संकेतस्थळाविषयी सांगितले. त्यांनी नाव वहीच्या मागे टिपून घेतले.

पुढच्या जुलैतला पूर सर्वांना ठाऊक आहे. २६ जुलै २००५ला उल्हास नदी बदलापुरात शिरली आणि नंतरचा दीड महिना आम्ही गाळ भरलेली बोर्डे धुऊन वाळवत होतो. काकांचे घर दुसऱ्या मजल्यावर, त्यांचे यंत्र सुखरूप राहिले. त्यांना नडले ते भारनियमन. लाइट जायची वेळ ठरलेली, यायची नाही, आणि यायची ती कधी कधी उसळून. २००६च्या मे महिन्यात एका दुपारी लाइट आली, डब्यातून आवाज झाला आणि जळका वास आला. एसएमपीएस एकटा मरता तर प्रश्न नव्हता. जाता जाता त्याने बोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही नेली. चांगल्या डब्यात व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की पुरवठा तोडणारी रचना असते. यात तिची जागा रिकामी होती.

हार्डडिस्कवर पुस्तकाची एकशे बारा पाने होती. पहिली चाळीसेक छापून ठेवलेली होती. बाकीच्याची कच्ची टिपणे वहीत होती, पण आकृत्यांची मांडणी, कोष्टके आणि दुरुस्त केलेला मजकूर फक्त तेथे होता. मी लॅमिंग्टन रोडवर फिरून त्याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधली आणि तिचे बोर्ड काढून काकांच्या डिस्कला बसवले. ती फिरली, टकटक वाजली आणि थांबली. मुंबईत डेटा काढून देणाऱ्यांनी सांगितलेली रक्कम यंत्राच्या निम्म्याहून जास्त होती आणि खात्री कोणी देत नव्हते. काका नको म्हणाले.

त्यांनी मेलेला डबा मागून घेतला, माझ्यासमोर उघडला आणि स्क्रू एका बशीत ठेवले. रिकाम्या जागांवरून त्यांचे बोट फिरत गेले. एकेका जागेवर छापलेले भागाचे नाव ते वाचत होते आणि भाग नव्हता. मग त्यांनी विचारले, “तुला माहीत होतं?”

मी नाही म्हणालो.

ते पुढे काही बोलले नाहीत. मी चांगल्या कंपनीचा एसएमपीएस आणि यूपीएस माझ्या पगारातून आणून बसवला. त्यांनी एसएमपीएसचे पैसे मोजून माझ्या हातात ठेवले, पावती मागितली. त्यांच्या घरी मी त्यानंतर गेलो नाही. दुकानात मात्र गिऱ्हाइकाला दोन्ही डबे हातात देऊन वजन पाहायला सांगू लागलो. दहांतले सात-आठ तरी स्वस्तच घेत. शेठनी त्यावर आक्षेप घेतला नाही, कारण उरलेल्या दोघांत नफा जास्त होता. २००८ साली मी ते काम सोडले.

आनंदटेक मी वाचत राहिलो. त्याचे सर्वांत चांगले दिवस माझ्या मते २००९चे, आणि याबाबत जुन्या वाचकांशी मी अनेकदा भांडलो आहे. एसएसडी नव्या होत्या. स्वस्त एसएसडी लेबलवरच्या वेगाने फाइल उतरवीत, पण साधे काम करताना यंत्र मध्येच अर्धा-एक सेकंद गोठून जाई. प्रसिद्ध चाचण्यांत हे दिसत नसे, कारण त्या एकसलग लिहिण्याचा वेग मोजत. शिंपीने छोटे छोटे तुकडे इतस्ततः लिहिताना लागणारा विलंब मोजला आणि दोष कंट्रोलरपाशी आणून दाखवला. ओसीझेड कंपनीने परीक्षणासाठी पाठवलेल्या नव्या डिस्कमध्येही ही खोड दिसली तेव्हा त्याने ती आधी कंपनीला कळवली. कंपनीने फर्मवेअर बदलले. लेबलवर मिरवता येणारा एकसलग वेग त्यात कमी झाला आणि गोठणे थांबले. मार्चमधला तो दीर्घ लेख मी तीनदा वाचला. मोठा आकडा सोडून खरे काम पत्करायला एका कारखानदाराला परीक्षकाने भाग पाडले होते. २०१३ मध्ये ब्रायन क्लग आणि त्याने मिळून दाखवले की अनेक नामांकित कंपन्यांचे फोन बेंचमार्कचे नाव ओळखून तेवढ्यापुरते जोरात धावतात. बारा वर्षांनी पुन्हा तेच क्वेक आणि क्वॅक.

३० ऑगस्ट २०१४ रोजी शिंपीने निरोप घेतला आणि तो अ‍ॅपलमध्ये गेला. पुढे वॉसन एएमडीत गेला. २०१९ मध्ये हार्डओसीपी बंद करून बेनेट इंटेलमध्ये गेला. मोजणारे एकामागून एक ज्यांचे मोजायचे त्यांच्याकडे गेले. यात पाप नाही. वस्तू चांगली कशी होते हे त्यांना कळत होते आणि पगार तेथे होता. पण मला ते लागले, हे कबूल करतो. समीक्षकाने कादंबरी लिहावी याला माझी ना नाही, प्रकाशकाच्या जाहिरात खात्यात जाऊ नये असे वाटते, आणि ही उपमा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे हेही मला कळते. आनंदटेक २०१४च्या अखेरीस विकले गेले, २०१८ मध्ये पुन्हा दुसऱ्या समूहाकडे गेले. इयन कट्रेस आणि आंद्रेई फ्रुमुसानू यांनी त्या वर्षांतही प्रोसेसरच्या आतड्यांपर्यंत जाणारे लेख लिहिले. मग तेही निघून गेले. पंधरा पानांचे परीक्षण वाचणारे कमी झाले होते. लोक आता डबा उघडतानाचा व्हिडिओ पाहतात. शिंपीने निरोप घेतला त्याला बरोबर दहा वर्षे झाली त्याच तारखेला दार लागले.

काकांची मुलगी २०११ साली मला अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर भेटली. आदल्या पावसाळ्यात काका गेले होते. यंत्र भंगारात द्यायचे होते, त्यातले काही उपयोगी पडेल का म्हणून तिने मला बोलावले. पुस्तकाचे विचारले तर म्हणाली, हाताने परत लिहीत होते, पुरे झाले नाही. फाइल त्यांच्या फॅक्टरीतल्या एका मित्राकडे दिली आहे. हार्डडिस्क तिने ठेवून घेतली, बाकीचे मी नेले.

घरी कॅबिनेट उघडले तर झाकणाच्या आतल्या बाजूला आलेखाचा कागद चिकटवलेला होता. वर काकांच्या अक्षरात शीर्षक: ‘विद्युतदाब, मोकळ्या कनेक्टरवर, यंत्र चालू असताना’. त्याखाली मीटरचे नाव आणि खोलीचे तापमान लिहायचा रकाना. मग मर्यादा: १२ व्होल्टला ११.४० ते १२.६०, ५ व्होल्टला ४.७५ ते ५.२५. दर महिन्याच्या पहिल्या तारखेची एक ओळ, जून २००६पासून. मी तो कागद काढून जपून ठेवला आहे. पहिल्या ओळीत १२.०८ आहे. पुढे आकडा हळूहळू उतरत जातो. शेवटची ओळ १ जुलै २०१०ची, तापमान २९ अंश, आणि १२ व्होल्टच्या रकान्यात ११.८८, म्हणजे मर्यादेत.